बाद खेळाडूची जागा

आमच्या घरात कोणी दारातून आत आलं की पप्पांचा हात त्याच्या पाठीवर पडायचा. तोंड टीव्हीकडे, नाहीतर पेपरात, पण हात बरोबर येणाऱ्याच्या पाठीवर. आई असो, मी असो, नाहीतर गॅसवाला. गॅसवाला एकदा असा दचकला की सिलिंडर माझ्या पायावरच यायचा. लहानपणी मी याला माया समजायचे. कॉलेजात गेल्यावर कटकट समजायला लागले आणि दारातून तिरकी होऊन आत शिरायला शिकले. तरी हात पडायचाच.

पप्पा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यात कामाला आणि रविवारी कबड्डीचे पंच. आम्ही मूळचे रायगडातले. तिथे पोरगं चालायच्या आधी पकड करायला शिकतं, असं आई म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही. पप्पांचं काम रेषापंचाचं. मैदानाच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं आणि कोणाचा पाय अंतिम रेषेबाहेर जातो का ते बघायचं. बाद झालेले खेळाडू त्यांच्याच शेजारी जमिनीवर ओळीनं बसतात, ज्या क्रमानं बाद झाले त्या क्रमानं. समोरच्या संघाचा एक जण बाद झाला की ओळीतला पहिला उठून परत आत जातो. त्याला आत पाठवायचं कामही पप्पांचंच, आणि तेही रेषेवरची नजर न हलवता. "डोळे रेषेवर, हात माणसावर," असं ते नव्या पंचांना सांगतात.

लॉच्या शेवटच्या वर्षाला मी क्रीडा कायदा हा विषय घेतला तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या पोरी कंपन्यांचे कायदे शिकून एसीत बसणार आणि आमची ही खो-खोवाल्यांचे खटले लढवणार. शेजारणीला तिनं हिंदीत सांगितलंही, "मेरी लडकी का सब उल्टाच है." पप्पांनी एवढंच विचारलं, "त्यात पंचांबद्दल असतं का काही?" मी म्हटलं, असेल. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पंचांबद्दल भरपूर असतं. मैदानावर पंचानं दिलेला निर्णय कोर्ट सहसा उकरून काढत नाही. खेळायला उतरणारा माणूस खेळातले धोके मान्य करूनच उतरतो, पण नेमके कुठले, यावर भांडायला वर्ष पुरत नाही. मला भांडायला आवडतं, त्यामुळे मी खूश होते. शिकवणारे सर बारीक आवाजाचे होते आणि प्रत्येक तासाच्या शेवटी एक काल्पनिक प्रसंग सांगायचे. सुरुवात नेहमी "समजा" अशी. आम्ही त्यांना समजा सरच म्हणायचो.

"समजा," एका दुपारी ते म्हणाले, "एक खेळाडू बाद होऊन बाहेर बसलाय. आत खेळ चालू आहे. तो बसल्या जागी मरतो. कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बाद खेळाडूकडे कोण बघतं? त्याच्या संघाला गुण मिळतो. आत जायची पाळी त्याची. पंच त्याला बोलावतो, तो उठत नाही. पंचाला वाटतं वेळ काढतोय. पंच त्याला ताकीद देतो. आता सांगा, त्या क्षणी तो खेळात होता की नव्हता?"

वर्गात कालवा झाला. मी सगळ्यात मोठ्यानं म्हटलं, होता, कारण त्याची पाळी आली होती. सर माझ्याकडे बघत राहिले. "पाळी आली, म्हणजे आत गेला असं नाही," ते म्हणाले, आणि मला वाटलं ते वाक्य अर्धं राहिलं. पण ते पुस्तक मिटून निघून गेले.

रात्री जेवताना मी हा प्रसंग घरी रंगवून सांगितला. आईचा डाव भातात तसाच उभा राहिला. पप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुझ्या सरांना कोणी सांगितलं?"

"काय?"

"ताकिदीचं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

परत येऊन बसल्यावर त्यांनी सांगितलं. मी शाळेत असताना भाईंदरजवळच्या मुर्धा गावात, मिठागराच्या बांधाला लागून असलेल्या मैदानावर स्पर्धा होती. गावच्या संघात एक उंच, चपळ पोरगा होता. त्याचा पाय रेषेबाहेर गेला, पप्पांनी हात वर केला, तो बाद झाला आणि ओळीत पहिला येऊन बसला, पप्पांच्या खुर्चीला लागून. त्याच्या धापांचा आवाज पप्पांना ऐकू येत होता. मग यायचा थांबला. पोरगा सावरला, असं त्यांना वाटलं. त्याच्या संघानं एक पकड केली. "पहिला, आत," पप्पा म्हणाले. कोणी उठलं नाही. "ऊठ रे, टाइमपास नको." तरी नाही. दमलेली पोरं असा वेळ काढतात, पंचांना ते सवयीचं असतं. पप्पांनी रेषेवरची नजर न हलवता हात वर करून ताकीद दिल्याची खूण केली. मग शेजारी हात नेऊन त्याच्या पाठीवर ठेवला.

"घामानं भिजलेली होती आणि गार होती," पप्पा म्हणाले. "एवढ्या उन्हात गार."

सामना तिथेच मोडला. शेवटची शिट्टी कोणी वाजवली नाही. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात पडायला लागला. तो हात आमची पाठ चाचपत होता, आणि मी तिरकी होऊन आत शिरत होते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. तो प्रसंग कुठला म्हणून विचारलं. ते म्हणाले, जिना चढताना सुचला.

"आणि ताकीद?"

"ताकीद?" ते थांबले. "मी ताकिदीचं काही म्हणालो?"

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. तिनंही ऐकलं नव्हतं. पुढचे काही तास मी मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसले.

दिवाळी झाल्यावर मुर्ध्याच्या मंडळाचे सेक्रेटरी आमच्या घरी आले. पप्पांचा हात त्यांच्याही पाठीवर पडला. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. म्हणाले, मैदानाची जागा बिल्डरकडे गेली, यंदाची स्पर्धा तिथली शेवटची. पुढच्या वर्षीपासून हॉलमध्ये, मॅटवर, नव्या नियमांनी.

"ताई, तुम्ही कायदा शिकताय," ते मला म्हणाले. "त्या पोराची जागा मॅटवर ठेवता येईल, असं काही निघतं का बघा."

ती जागा काय, ते त्यांनीच सांगितलं. त्या वर्षापासून मुर्ध्याचा संघ आपल्या मैदानावर ओळीतली पहिली जागा रिकामी सोडतो. पहिला बाद होणारा पोरगा दुसऱ्या जागेवर बसतो. पहिली पकड झाली की रेषापंच "पहिला, आत" म्हणतो, सगळे थांबतात, कोणी येत नाही, आणि संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, कुठलाही संघ असो, तक्रार करत नाही. रेषापंच दर वर्षी एकच, पप्पा.

म्हणजे दर वर्षी त्या रविवारी "मुर्ध्याला जातोय" म्हणून निघणारा माझा बाप तिथे जाऊन रिकाम्या जमिनीला हाक मारत होता. मला राग आला, कोणाचा ते कळेना.

मी नियम वाचून काढले. ओळीत फक्त नोंदलेले खेळाडू बसू शकतात. वाकवावा असा एक शब्द सापडेना. सेक्रेटरींना फोन करून म्हटलं, नाही निघत काही. पप्पा शेजारीच होते. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. विरोधात गेलेला निर्णय कप्तान ऐकून घेतो, तसा आवाज होता.

स्पर्धेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. त्यांनी नको म्हटलं नाही.

मैदान खरंच बांधाला लागून होतं. पलीकडे वापरात नसलेली मिठागरं, अलीकडे नव्या टॉवरच्या पाठी. चुन्याच्या फक्कीनं रेषा आखल्या होत्या. पप्पांनी खुर्ची टाकली. खुर्चीला लागून, ओळीतल्या पहिल्या जागी, घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. तो ठेवणारी बाई दोरीच्या अलीकडे बसली होती, त्या पोराची आई. भाईंदरच्या बाजारात सुकट विकते. तिनं मला हात धरून शेजारी बसवलं.

"पंचांची पोर ना तू? बस बाय."

टॉवेल दोरीपासून हाताच्या अंतरावर होता. मी सहज त्याच्या कडेला जमिनीवर तळवा टेकवला. सगळं मैदान दुपारच्या उन्हानं तापलं होतं, माझ्या बुडाखाली चटका बसत होता. तेवढी जागा गार होती. ओली नव्हे, नुसती गार.

"खाडीचं पाणी खालून येत असेल," मी म्हटलं.

"येत असंल," ती म्हणाली. लहान पोराचं ऐकून घ्यावं तसं.

समोर उत्तनचा संघ होता, गळ्यात क्रूस घातलेली दणकट पोरं. खेळ सुरू झाला. मुर्ध्याचा एक बाद झाला आणि टॉवेलला वळसा घालून दुसऱ्या जागी बसला. मग मुर्ध्यानं पकड केली. एरवी अशा वेळी गाव डोक्यावर घेतलं जातं. इथे शिट्ट्या वाजवणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

"पहिला, आत," पप्पा म्हणाले.

त्यांचे डोळे रेषेवर होते. हात बाजूला, हवेत, पाठीची वाट बघत. बांधावरून वारा आला आणि फक्की थोडी उडाली. उत्तनच्या कप्तानानं छातीवर क्रूस काढला. कोणी आलं नाही. पप्पांचा हात सावकाश खाली मांडीवर आला, मुख्य पंचांनी, म्हणजे सरपंचांनी, शिट्टी दिली आणि खेळ पुढे गेला.

"न्हाय उठला," ती म्हणाली. "दर साली असाच. एकला कसा उठंल? वराडले ना त्याच्यावर."

"तुम्हाला कोणी सांगितलं, मावशी?"

"त्योच बोलतो."

मी तिच्याकडे बघितलं. ती खेळ बघत होती.

"मॅच तर पुरी जालीच न्हाय," ती म्हणाली. "म्हंजे तो अजून बादच हाय. आता ही जागा चालली. हितं बिल्डिंग आली का तो कुटं बसंल? आज न्हाय घेतला तर त्याला आत कवा घेणार, बाय? तू कायदा शिकतं ना, सांग."

कायद्यात उत्तर होतं. अर्धवट राहिलेला सामना रद्द धरतात, त्यातलं बाद होणंही रद्द. पण त्या बाईला, त्या टॉवेलशेजारी, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी बडबडते. म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले.

"एकट्याला बोलावून येत नसेल तर लोण पडल्यावर येईल. सगळा संघ बाद झाला, लोण पडलं, की सगळेच आत येतात. कोणाला नाव घेऊन बोलावत नाहीत, पाळी नाही, काही नाही. नियमच आहे."

"लोन? आमच्यावर?" ती फणकारली. मुर्ध्यावर या मैदानात लोण पडलेलं नव्हतं. तो पोरगा गेल्यापासून तर त्यांनी जीव तोडून पडू दिलं नव्हतं. शेवटचा एक माणूस उरला तरी तो सामना ओढून आणायचा. त्याच्या मैदानात हरायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं.

फणकारली, आणि मग तिनं टॉवेलकडे बघितलं. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं. ते जीव तोडून खेळत होते, त्याच्यासाठी, आणि त्यामुळेच सगळ्यांनी एकदम उठायची वेळ कधी आली नव्हती.

मध्यंतरात ती दोरीखालून वाकून आत गेली. मुर्ध्याचा कप्तान आता कानशिलाशी पिकलेला गडी होता, तिच्या मुलाच्या शेजारी खेळायचा. तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं जोरजोरात मान हलवली. ती बोलतच राहिली. शेवटी त्यानं पहिल्या जागेकडे बघितलं आणि तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या डावात मुर्ध्याचे गडी एकेक करून बाद होत गेले. काही खरोखर, काहींचं मी सांगू शकत नाही. टॉवेलमागे ओळ भरत गेली. पोरं एकमेकांकडे बघत नव्हती. शेवटी मैदानात एकटा कप्तान उरला आणि चढाईला निघाला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी," मध्यरेषा ओलांडून आत, अजून आत. उत्तनच्या पोरांनी साखळी धरली. तेवढ्यात आवाज थांबला. त्याला कोणी हात लावला नव्हता. दम संपला नव्हता, छाती भरलेली दिसत होती. तो तोंड मिटून उभा राहिला. चढाईत दम सोडला की माणूस बाद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मुद्दाम हरलेला सामना सिद्ध करणं फार अवघड असतं, असं सरांनी दोन तास लावून शिकवलं होतं. मला अजिबात अवघड नव्हतं. घडवणारी मीच होते.

"लोण!" सरपंच ओरडले. गावातून हूं की चूं आलं नाही.

ओळ उठली. पप्पांनी सवयीनं हात बाजूला नेला, डोळे रेषेवर. पहिला पोरगा अजून गुडघ्यावर होता, खुर्चीपाशी पोचलाही नव्हता, तेव्हा पप्पांचा हात वर गेला. पोरांच्या पाठीवर ठेवायला जेवढा न्यायचे त्याहून बराच वर, उंच माणसाच्या पाठीइतका. आणि तिथे तो टेकला. हवेत सोडलेला हात खाली येतो, मी दोरीजवळून बघत होते, हा खाली आला नाही. तळवा पसरून टेकलेला होता. मग तो हात थोडा पुढे गेला, माणसाला हलकंच आत लोटावं तसा. त्यानंतर बाकीचे आले, एकेकाच्या पाठीवर हात पडत गेला, शेवटी कप्तानाच्या.

"पूर्ण?" सरपंचांनी विचारलं. सात जण आत आहेत का, एवढंच रेषापंचानं सांगायचं असतं.

पप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदाच रेषेवरची नजर काढली आणि मैदानाकडे बघितलं. एक जादा असेल तर बाहेर काढायचं, हा नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

"पूर्ण," ते म्हणाले.

उत्तनचा गडी चढाईला आला. डावीकडची मोकळी जागा सोडून, तिला वळसा घालून तो पुढे गेला.

शेजारून तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "गेला आत?"

साक्षीदारानं जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगावं, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. मी म्हटलं, "गेला, मावशी."

तिनं टॉवेल उचलला, माती झटकली, खांद्यावर टाकला. जिथे टॉवेल होता तिथे तळवा टेकवून बघितला आणि मान डोलवली.

"मंग आता हरले तरी चालंल," ती म्हणाली आणि सामना संपायची वाट न बघता बांधाच्या वाटेनं घरी गेली. मुर्धा हरलं. सरपंचांनी शेवटची लांब शिट्टी वाजवली, आणि ती वाजत असताना पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

येताना रिक्षात उजवा तळवा त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता, मिटला नाही. रिक्षावाल्याला पैसे मी दिले. दार आईनं उघडलं आणि सवयीनं पाठ पुढे करून बाजूला झाली. पप्पा तिच्याजवळून नुसते आत गेले. आईनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

ते बेसिनपाशी जाऊन उभे होते. नळ उघडला नव्हता.

"हात धुवा पप्पा, आईनं वाढलंय."

त्यांनी तळहाताकडे बघितलं.

"गरम होती गं," ते म्हणाले. "पाठ गरम होती."